व्हायोलिनला दाखवलेलं ऊन

मी एकदा जगातल्या नावाजलेल्या पियानोवादकांना आणि व्हायोलिनवादकांना रात्रभर भिजत घातलं आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर सुकेळ्यांच्या शेजारी वाळत टाकलं.

कोणी पोलिसांना फोन करण्याआधी खुलासा करते. माणसं नव्हेत, त्यांच्या रेकॉर्डी. (माणसं असती तर निदान ओरडली तरी असती आणि मला वेळेवर कळलं असतं!)

ही गोष्ट मी इतकी वर्षं छान दाबून ठेवली होती. पण गेल्या महिन्यात माझी नात ऋचा आमच्या विरारच्या फ्लॅटमध्ये एक भलंमोठं खोकं घेऊन आली. आत रेकॉर्ड प्लेअर! आम्ही जे माळ्यावरून भंगारात दिलं, तेच ती दुकानातून कौतुकानं घेऊन आली होती.

"आजी, आता पुन्हा रेकॉर्डचीच फॅशन आहे. मोबाइलपेक्षा कितीतरी वॉर्म आवाज असतो!"

"वॉर्म म्हणजे?"

"म्हणजे उबदार गं!"

मला चहाचा ठसका लागला.

"पणजोबांकडे खूप रेकॉर्डी होत्या ना? बाबा सांगतो, क्लासिकल होत्या, जॅझ होता... गेल्या कुठे सगळ्या?"

माझा मुलगा एकदम पंख्याकडे बघू लागला. आणि कानात यंत्र नसेल तर ज्यांना कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही, ते माझे यजमान आतल्या खोलीतून स्वच्छ आवाजात म्हणाले, "तुझ्या आजीला विचार!"

मी मुकाट्यानं उठले. स्वयंपाकघरातून कांदे-लसणाचा काळा, कडेनं चुण्या पडलेला वाडगा आणून तिच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"पियानो," मी म्हटलं.

तर मग, झालं ते असं.

माझं माहेर वसईतल्या आगाशीचं, सासर तिथल्याच गिरीजचं. दोन्हीकडे केळीच्या वाड्या. माझे सासरे, म्हणजे आप्पा, मात्र केळीतले नव्हते. ते जन्मभर मुंबईत फोर्टमध्ये वाद्यांच्या आणि रेकॉर्डींच्या दुकानात नोकरीला होते. ज्या रेकॉर्डचं कव्हर फाटलं, भिजलं किंवा उंदरानं कुरतडलं, ती दुकानातून आप्पांच्या पिशवीत आणि पिशवीतून गिरीजला यायची. त्यामुळे लोकांच्या घरात कोयते आणि टोपल्या असत तिथं आमच्या घरात कपाटभर पियानो आणि व्हायोलिन होतं.

मी लग्न होऊन आले आणि पहिल्याच आठवड्यात ते कपाट उघडून पाहिलं. एका कव्हरवर लांब बोटांचा एक माणूस पियानोवर असा वाकला होता, जणू त्याची अंगठी पट्ट्यांच्या फटीत पडलीय. दुसऱ्यावर तिरपी टोपी, ओठांत सिगारेट आणि पियानोकडे अजिबात लक्ष नाही. (हा जॅझवाला.) आणि एका कव्हरवर व्हायोलिन हनुवटीखाली दाबून, डोळे घट्ट मिटून उभा असलेला एक गृहस्थ. मला वाटलं, बिचाऱ्याची दाढ दुखतेय.

पियानो म्हणजे पेटीचा श्रीमंत मामा, एवढंच माझं ज्ञान. तरी सून म्हणून रस दाखवायला नको? म्हणून एकदा आप्पांना विचारलं, "आप्पा, या क्लासिकलमध्ये आणि जॅझमध्ये फरक काय?"

आप्पा हरखले. घरात त्यांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. "क्लासिकल म्हणजे कागदावर लिहिलंय तसंच्या तसं वाजवायचं. आणि जॅझ म्हणजे त्या घटकेला मनात येईल ते!"

"मग चुकलं तर?"

"जॅझमध्ये चुकत नाही, सूनबाई."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढे त्याचा मी जो उपयोग केला, त्याबद्दल समस्त जॅझवाल्यांची माफी मागते.

आता पास्कूकाकांबद्दल सांगायला हवं. आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी. तरुणपणी ते मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांत बँडमध्ये व्हायोलिन वाजवायचे. मग बँड बंद पडला, काका गावी आले, मोगरा लावला आणि व्हायोलिन खाटेखाली गेलं. दर रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा, दुपारी मटण आणि चार वाजता पांढराशुभ्र शर्ट घालून आमच्या ओटीवर हजर! आप्पा काहीही लावायला तयार असत, पण काकांची फर्माईश एकच. दाढदुखीवाला. तबकडी संपेपर्यंत काका हलायचे नाहीत. संपली की सुस्कारा टाकायचे, "आप्पा, हा माणूस वाजवतो. आम्ही नुसतं घासलं."

त्यांची मुलगी रोझी माझ्याच वयाची. तिचं लग्न ठरलं आणि ती आमच्या विहिरीवर येऊन मला म्हणाली, "वयनी, मला दागिना नको, काय नको. मी चर्चमध्ये आत येईन तेव्हा पप्पांनी वाजवावं, एवढंच पायजे. पण ते ऐकतच नाय. म्हणतात, त्या रेकॉर्डवाल्याला ऐकल्यावर हात उचलत नाय. आता बोलले, लग्नाच्या आधीच्या रविवारी तुमच्याकडे एकदा नीट ऐकतो, मग हो की नाय सांगतो. तुम्ही कायतरी करा ना!"

मी तिचा हात हातात घेतला. "रोझी, काळजी सोड. मी बघते."

(मी बघते! हे दोन शब्द मी उच्चारले की आजही आमच्या घरात लोक मौल्यवान वस्तू उचलून ठेवतात.)

त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी आप्पा आणि सासूबाई सफाळ्याला एका बारशाला निघाले. परतणार थेट रविवारी सकाळी. सासूबाई खाडीकडच्या गावातल्या, हुकूम सोडण्यात पटाईत. निघताना म्हणाल्या, "सुकेल्यांवर नजर ठेव. कावले येतान. आनि घरातलं जे जे दमट झालंय, त्याला उन दाखव. माज्या घरात वरसातून एकदा सगल्यांना उन दाखवायचं!"

सुकेळी म्हणजे आमच्या वसईची खासियत. पिकलेली राजेळी केळी सोलून दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, मधासारखी होईपर्यंत. तेव्हा ऊन हे आमच्याकडचं सर्व रोगांवरचं औषध होतं. गोधड्या, तांदूळ, लोणच्याच्या बरण्या, ओल्या केसांच्या सुना, सगळ्यांना ऊन! मी उत्साहानं घरभर फिरले, जे दमट ते उचललं. शेवटी आप्पांचं कपाट उघडलं, आणि बघते तर काय, दाढदुखीवाल्याच्या तोंडावर बुरशी! कव्हरातून तबकडी काढली, तिच्यावरही पांढुरके ठिपके.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रविवारी पास्कूकाका येणार. या कळकट तबकडीतून आवाज तो कसा निघणार? ती स्वच्छ निघाली, काकांनी नीट ऐकली, त्यांना स्फूर्ती आली आणि त्यांनी व्हायोलिन उचललं, तर रोझीचं काम फत्ते! आणि एक धुवायची तर सगळ्याच का नकोत?

मी मोठ्या घंगाळात रिठ्याचं पाणी केलं. (रिठा! रेशमी साड्यांना चालतो तो! मी काही काथ्यानं घासणाऱ्यांतली नव्हते.) सगळ्या तबकड्या त्यात सोडल्या आणि मूग भिजवावेत तशा रात्रभर ठेवल्या.

सकाळी पाहिलं तर मधोमध चिकटवलेले ते रंगीत कागदी गोल सुटून पाण्यावर तरंगत होते. कोणता कुठला, देवाला ठाऊक. वाचायला जावं तर निम्म्यांची अक्षरं जर्मन की कसली, आणि उरलेल्यांची रिठ्यानं खाल्लेली. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! भाताची खळ केली आणि अंदाजानं एकेक कागद एकेकीला चिकटवला. खूण म्हणून दाढदुखीवाल्याला लाल कागद लावला. तो त्याचाच असावा असं मला आतून वाटलं.

नंतर सगळ्या गच्चीवर नेल्या. एका तट्ट्यावर सुकेळी, शेजारच्या तट्ट्यावर तबकड्या. मे महिन्याचं वसईचं ऊन. काळ्याभोर तबकड्या अशा चमकत होत्या की मला सासूबाईंचं कौतुक आत्ताच ऐकू येऊ लागलं. मी समाधानानं खाली गेले, पेज जेवले आणि पडले.

उठून वर आले तर एक कावळा सुकेळं खात होता, आणि दुसरा पियानोत बसला होता.

*पियानोवर* नव्हे. *पियानोत*. कारण तबकडीचा द्रोण झाला होता! कोणी कडेनं वर आली होती, कोणी मधून खाली गेली होती, कोणाला पुऱ्यांसारखे फुगे आले होते. तिरप्या टोपीवाल्याची तर अशी घडी पडली होती की त्यात भजी बांधून देता आली असती.

यजमान शनिवारचे अर्धा दिवस काम करून घरी आले होते. मी रडत खाली धावले.

"अहो, रेकॉर्डी वाकल्या!"

ते पेपर वाचत होते. "मग सरळ कर."

पुरुषांना सगळं किती सोपं वाटतं! पण मला त्या क्षणी तो सल्ला दैवी वाटला. मी कोळशाची इस्त्री पेटवली. वर टॉवेल पसरला आणि तिरप्या टोपीवाल्यापासून सुरुवात केली. जो वास सुटला, तो पास्कूकाकांच्या वाडीपर्यंत गेला. टॉवेल आणि जॅझ एकजीव झाले. त्यानंतर ना त्यानं कोणाचं अंग पुसलं गेलं, ना कोणाचं मन रमलं.

उरल्या त्यांच्यावर जातं ठेवलं. दाढदुखीवाल्याला, म्हणजे ज्याला मी लाल कागद लावला होता त्याला, खास वागणूक. तो पाट्याखाली, पाट्यावर वरवंटा, वरवंट्यावर तांदळाचा डबा आणि डब्यावर अधूनमधून मी स्वतः. रविवारी सकाळी तो बऱ्यापैकी सपाट निघाला. म्हणजे द्रोणाचं निदान पसरट ताट तरी झालं होतं. मी सगळ्यांना आपापल्या कव्हरांत (किंवा कोणाच्या तरी कव्हरांत) सरकवलं. द्रोण मागे, ताटं पुढे. कपाटाचं दार लागेना, म्हणून त्याला खुर्ची लावली.

चार वाजता पास्कूकाका आले. त्या दिवशी शर्टाला इस्त्री कडक होती. (त्या इस्त्रीकडे बघायचं मी टाळलंच.) मागोमाग रोझीही आली. तिनं माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, "केलंत ना कायतरी?" मी डोळ्यांनीच म्हटलं, "फार केलं गं बाई."

आप्पांनी कव्हर काढलं, सुई ठेवली आणि डोळे मिटून मागे रेलले.

आतून पियानो वाजू लागला.

आप्पांनी एक डोळा उघडला. "हा व्हायोलिनवाला आज पियानो का वाजवतोय?"

"शिकला असेल," मी म्हटलं.

आप्पा उठले. कपाटाशी गेले. खुर्ची बाजूला केली आणि कपाटातून काळे द्रोण घरंगळत ओटीभर पसरले. एक थेट पास्कूकाकांच्या पायाशी जाऊन गोल गोल फिरला आणि बराच वेळ खडखडून शांत झाला.  आप्पांनी दुसरी सपाट तबकडी शोधून लावली. या खेपेला मात्र व्हायोलिनच लागलं. तोच! दाढदुखीवाला! (लाल कागद भलत्याच कोणाला तरी लागला होता. माझ्या आतून वाटण्याचं हे असं असतं.)

पण काय ते वाजणं! सुई चढ चढायची, माथ्यावर क्षणभर थबकायची आणि उतारावरून घसरायची. भरतीच्या वेळी खाडीतली होडी हलते तसा सुईचा दांडा वरखाली होत होता. सूर जायचा वर, यायचा खाली, मध्येच हुंदका, मध्येच उचकी. एवढा मोठा कलाकार, पण जणू कोणी मागून त्याचा कोट ओढत होतं आणि तो जिवाच्या आकांतानं वाजवत होता.

आयुष्यात कधी ती तबकडी न ऐकलेल्या सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आज बरा वाजवतं हा! आज त्याला कायतरी होताय!"

पास्कूकाका पुढे झुकून एकटक सुईकडे बघत होते. रोझीचा चेहरा पांढरा पडला. मला राहवेना. आप्पांचं ते जपून ठेवलेलं वाक्य मी बाहेर काढलं.

"आप्पा... हा जॅझ असेल ना?"

आप्पांनी सुई उचलली, तबकडी हातात घेतली, डोळ्यांच्या रेषेत धरली. मग नाकाशी नेली.

"याला भात का लागलाय?"

"खळ आहे, आप्पा."

"आणि सुकेळ्याचा वास?"

मग मात्र माझा बांध फुटला. रिठ्यापासून जात्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. टॉवेलचं तेवढं गाळलं, पण सासूबाईंनी विचारलंच, "आनि माजा निला टावेल कुटं हाय?"

आप्पा खाली बसले. त्यांच्या मांडीवर त्यांचं सगळं आयुष्य द्रोणासारखं वाकलेलं पडलं होतं. मला वाटलं, आता बॅग भरून आगाशी. पण मध्ये पडल्या कोण? सासूबाई!

"तिला काय बोलू नका! मीच सांगितलेलं, उन दाखव. इतक्या वरसांत मी गोधड्या वाल्वल्या, एक पन वाकडी झाली नाय. तुमच्या थाल्या इतक्या नाजूक, तर वसईत आनल्या कशाला?"

आप्पा मांडीवरचे द्रोण एकात एक रचू लागले. 

तेवढ्यात पास्कूकाका उठले. चहा न घेता, कोणाकडे न बघता पायऱ्या उतरले आणि वाडीतून निघून गेले. रोझी माझ्याकडे बघून म्हणाली, "वयनी, आता ते कायमचे नाय म्हणनार." आणि तीही रडत गेली. आप्पांच्या रेकॉर्डी गेल्या त्या गेल्याच, वर रोझीच्या लग्नाचं व्हायोलिनही मीच वाळत घातलं होतं! मी मोरीत जाऊन पोटभर रडून घेतलं.

संध्याकाळी दिवा लावत होते, तेव्हा केळींच्या पलीकडून एक आवाज आला. दाराचं बिजागर करकरतं तसा. मग थांबला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्याच्यातून एक सूर निघाला, थोडा कापरा, पण सरळ. आप्पा ओटीवर आले. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या.  आप्पा इतकंच म्हणाले, "तार बदलायला हवी त्याला." आणि चपला घालून पलीकडे निघाले. आठवडाभर ते रोज जात होते.

लग्नात काकांनी वाजवलं. रोझी चर्चमध्ये शिरली तेव्हा मधे एका ठिकाणी त्यांचा हात अडखळला. पण रोझीनं वळून त्यांच्याकडे बघितलं, ते हसले, आणि पुढचं सगळं सुरेख झालं. बायकांनी रुमाल काढले. मी तर असा हुंदका दिला की पुढच्या बाकावरच्या आजीनं मला वधूची बहीण समजून पाठीवरून हात फिरवला.

जेवणाच्या मांडवात मी जरा ऐटीतच उभी होते. शेवटी हे सगळं घडवलं कोणी? पास्कूकाका गर्दीतून वाट काढत सरळ माझ्याकडे आले. मी पदर सावरला, नम्र चेहरा केला, आभार स्वीकारायला सज्ज झाले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"सूनबाय, तबकडी वाकडी हाय ते मला पयल्या फेऱ्यातच कळलेलं. पण इतकी वर्षं तो मानूस मला घाबरवत होता, आनि त्या दिवशी पयल्यांदा वाटलं, अरे, याच्यापेक्षा तर मी बरा वाजवतो! तुजे लय उपकार झाले गो. पन आता माज्या घराकडे येशील ना, तेव्हा बाहेरूनच हाक मार. मी व्हायोलिन कपाटात टाकतो, कुलूप लावतो, मग आत ये."